नियम पाळणाऱ्याच्या शोधात

तोटा लवकर कापा, नफा चालू द्या. मुंबईतल्या कुठल्याही दलालाच्या ऑफिसात हे ऐकायला मिळतं आणि त्याच ऑफिसात दिवसभर नेमकं उलट घडताना दिसतं. शंभराला घेतलेला शेअर एकशे आठ झाला की हात शिवशिवतात आणि नफा बुक केला जातो. तोच ब्याण्णववर आला की ‘ॲव्हरेज’ केला जातो, म्हणजे पडत्या भावात आणखी घेतला जातो, आणि खरेदीभाव परत दिसेपर्यंत पोटाशी धरून ठेवला जातो. नियम सगळ्यांना पाठ असतो. हे आजचं नाही आणि फक्त आपल्याकडचंही नाही.

शेअरबाजारात नियमांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई होती ती नियम पाळणाऱ्याची. गेल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत लोकांनी या टंचाईवर जे उपाय केले त्यांची एक वंशावळ मांडता येते. नियम आधी तोंडी होता, मग वहीत उतरला, मग सूत्रात बसला, मग यंत्रात गेला. दर पिढीत तो माणसाच्या हातापासून थोडा लांब सरकला, आणि दर पिढीत भीती आणि हाव त्याचा माग काढत आल्या.

तोटा कापण्याचा सल्ला छापील रूपात आपल्याला डेव्हिड रिकार्डोच्या नावावर सापडतो. अर्थशास्त्रज्ञ होण्याआधी रिकार्डो लंडनच्या बाजारातला दलाल होता. चौदाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली कामाला लागला आणि सरकारी रोख्यांच्या व्यवहारात त्याने मोठी संपत्ती मिळवली. तो १८२३ साली वारला. जेम्स ग्रँट या पत्रकाराने १८३८ च्या सुमारास लंडनवरच्या आपल्या पुस्तकात त्याचे हे सोनेरी नियम नोंदवले. रिकार्डोचं घराणं सेफार्दी ज्यूंचं, ॲम्स्टरडॅमहून लंडनला आलेलं. त्याच ॲम्स्टरडॅममध्ये, त्याच समाजातल्या जोसेफ दे ला वेगा या व्यापाऱ्याने १६८८ साली स्पॅनिश भाषेत शेअरबाजारावरचं पुस्तक लिहिलं होतं. या विषयावरचं ते जगातलं पहिलं पुस्तक मानलं जातं. एक तत्त्वज्ञ, एक व्यापारी आणि एक भागधारक यांच्यातला तो संवाद आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरवर तेजीवाले आणि मंदीवाले कसे तुटून पडतात, वायदे कसे होतात, अफवा कशा सोडल्या जातात, सगळं त्यात आहे. दे ला वेगानेही नियम दिले आहेत, आणि त्यातला एक असा की नफा समोर आला की तो उचलावा, हुकलेल्या नफ्याची हळहळ करू नये.

म्हणजे एकाच परंपरेतले दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मला यात दे ला वेगाचा नियम माणसाला सोपा जाणारा वाटतो. हातातला नफा निसटू नये ही इच्छा आपल्यात उपजतच आहे, तिला नियमाचं बळ लागत नाही. रिकार्डोचा नियम अवघड. तो सांगतो की दुखतं तिथे लगेच हात घाला आणि जिथे सुख वाटतंय तिथे हात आखडा. पुढची सगळी वंशावळ रिकार्डोच्या बाजूने वाढली, कारण मदतीची गरज त्याच नियमाला होती.

दुसरी एक शाखा ओसाकात उगवते. तिथल्या दोजिमा बाजारात तांदळाचे वायदे होत आणि १७३० साली शोगुनच्या सरकारने त्यांना अधिकृत मान्यता दिली. तिथे दिवसाच्या शेवटी एका लाकडी पेटीत जळती वात टांगत. ती विझली की बाजार बंद. तरीही सौदे करणारे हटले नाहीत, तर त्यांच्यावर पाणी फेकायला माणसं ठेवलेली असत. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ॲम्स्टरडॅम आणि लंडनचे नियम माणसाने स्वतःला घालून घ्यायचे होते. ओसाकाने ती अपेक्षाच सोडून दिली आणि थांबवण्याचं काम बाजाराकडे दिलं. नियम स्वतः पाळायचा की कुणाकडून पाळून घ्यायचा, या दोन वाटा तिथेच वेगळ्या झालेल्या दिसतात.

अमेरिकेत नियम वहीत आणि तक्त्यात उतरला. चार्ल्स डाऊने १८९६ साली बारा शेअरांची सरासरी छापायला सुरुवात केली आणि बाजाराला एक आकडा मिळाला. त्या आकड्याच्या चढउतारांवरून कल ओळखण्याची रीत त्याच्यानंतर ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चा संपादक विल्यम पीटर हॅमिल्टन याने अग्रलेखांतून चालवली. मग आल्फ्रेड कौल्सने १९३३ साली तोवर कुणी न केलेलं काम केलं. हॅमिल्टनचे सव्वीस वर्षांतले २५५ अग्रलेख घेतले आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे कुणी पैसे लावले असते तर काय झालं असतं ते मोजलं. धोरण बदलायला सांगणारे ९० प्रसंग निघाले. त्यातले ४५ बरोबर, ४५ चूक. वर्षाला सुमारे १२ टक्के परतावा, आणि नुसते शेअर धरून बसणाऱ्याला साडेपंधरा. पुढे १९९८ साली तीन संशोधकांनी हेच अग्रलेख पुन्हा तपासले आणि जोखीम हिशेबात धरली तर हॅमिल्टन सरस ठरतो असं दाखवलं. पण माझ्या दृष्टीने निकालापेक्षा पद्धत मोठी. एका माणसाच्या मताला नियमाचं रूप देऊन ते इतिहासावर घासून पाहता येतं, हे कौल्सने दाखवलं. आज ज्याला बॅकटेस्ट म्हणतात त्याचा हा पूर्वज.

त्याच काळात वॉल स्ट्रीटवर जेसी लिव्हरमोर हा सट्टेबाज होता, आणि नियम माहीत असणं किती अपुरं पडतं याचा त्याच्याइतका दुःखद दाखला दुसरा नाही. १९२९ च्या कोसळणीत मंदीचे सौदे करून त्याने सुमारे दहा कोटी डॉलर मिळवल्याचं सांगतात. १९३४ साली तो दिवाळखोर होता. त्याच्या आयुष्यावर बेतलेल्या एडविन लेफेव्ह्रच्या १९२३ च्या पुस्तकात एक प्रसंग आहे: नायक एका जाणकाराच्या बोलण्याला भुलून कापूस घेतो, तोटा वाढत जातो तसा आणखी घेतो, आणि ते निभवायला नफ्यात असलेला गहू विकून टाकतो. तोट्यातला ठेवला, नफ्यातला विकला. आपण काय मोडतोय हे त्याला त्या क्षणी ठाऊक असतं, म्हणून तो प्रसंग वाचवत नाही. लिव्हरमोरने १९४० साली आपल्या पद्धतीचं पुस्तक स्वतःच्या नावाने छापलं, भावांच्या नोंदी कशा ठेवायच्या त्याच्या तक्त्यांसह. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने स्वतःचं जीवन संपवलं.

लेफेव्ह्रच्या त्या पुस्तकाने बाजाराकडे ओढलेल्यांत रिचर्ड डॉन्चियन होता. हार्टफर्डच्या आर्मेनियन स्थलांतरितांचा मुलगा, १९०५ चा जन्म. १९२९ मध्ये त्याचेही पैसे गेले. १९४९ साली त्याने लोकांचे पैसे घेऊन वायदेबाजारात लावणारा फंड सुरू केला, त्या प्रकारचा पहिला. त्याचा चार आठवड्यांचा नियम एका ओळीत मावतो: गेल्या चार आठवड्यांतल्या सर्वांत वरच्या भावाच्या पलीकडे भाव गेला की घ्या, सर्वांत खालच्या भावाच्या खाली गेला की विका. यात मत नाही, बातमी नाही, ‘आता फार चढलाय’ हे वाटणं नाही. शाळकरी मुलाला वही दिली तरी तो हा नियम चालवू शकेल.

१९७० च्या सुमारास डॉन्चियनचं एक पत्र एड सायकोटा या एमआयटीत शिकलेल्या तरुणाच्या वाचनात आलं. तो एका दलाली कंपनीत होता. कंपनीचा आयबीएम संगणक शनिवार-रविवारी रिकामा असे. त्यावर त्याने पंचकार्ड घालून हे नियम जुन्या भावांवर चालवून पाहिले. ते चालत होते. कंपनीने संगणकाच्या इशाऱ्यांवर ग्राहकांचे पैसे लावायला घेतले, आणि मग जे झालं ते त्याने जॅक श्वेगर यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितलं आहे. साखर पाच सेंटच्या आसपास असताना संगणकाने खरेदीचा इशारा दिला. साहेबलोकांना वाटलं, साखर आधीच महाग झालीय. इशारा सोडून दिला. भाव चढत राहिला. मग त्यांनी ठरवलं, वीस पॉइंट खाली आली की घेऊ. आली नाही. तीस पॉइंट म्हणाले. मग पन्नास, मग शंभर. शेवटी नऊ सेंटला त्यांची खात्री पटली की ही तेजी आहे, आणि त्यांनी खरेदी केली. थोड्याच दिवसांत साखरेने शिखर गाठलं आणि ती उतरायला लागली. तेव्हा संगणकाने विक्रीचा इशारा दिला, तोही त्यांनी मानला नाही.

या मागोव्यात मला हा प्रसंग सर्वांत जास्त शिकवणारा वाटतो. इथे भावना नियमाशी भांडत नाही, ती नियमाचाच वेश घेऊन येते. वीस, तीस, पन्नास, शंभर, प्रत्येक वेळी साहेबांनी नियमच केला होता. फक्त तो भावाकडे बघत बघत केलेला होता. शिवाय दुसरी गाठ होती: संगणक पुरेसे सौदे करत नव्हता, त्यामुळे पुरेशी दलाली मिळत नव्हती. सायकोटाने ती नोकरी सोडली आणि स्वतःचा मार्ग धरला.

मग शिकागो. रिचर्ड डेनिसने उसन्या पैशांवर वायदेबाजारात सुरुवात करून अफाट कमाई केली होती. त्याचा शाळेपासूनचा मित्र विल्यम एकहार्ट गणिती. दोघांचा वाद होता, सौदे करणं शिकवता येतं की ती उपजत देणगी असते. डेनिस म्हणत होता, शिकवता येतं. १९८३ च्या शेवटी त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. हजारावर अर्ज आले, पहिल्या तुकडीत तेरा जण घेतले, दोन आठवडे शिकवलं आणि १९८४ च्या सुरुवातीला डेनिसचे स्वतःचे पैसे त्यांच्या हाती दिले. सिंगापूरला कासवांची पैदास पाहून आलेला डेनिस या मुलांना कासवं म्हणू लागला, आणि तेच नाव राहिलं.

त्यांना शिकवलेला एक नियम होता वीस दिवसांचा: भाव गेल्या वीस दिवसांच्या वर गेला की घ्यायचं, दहा दिवसांच्या खाली गेला की बाहेर पडायचं. बाजाराचे वीस दिवस म्हणजे चार आठवडे. हा डॉन्चियनचाच नियम होता. कासवांच्या पद्धतीत लक्ष देण्याजोगी गोष्ट किती घ्यायचं ही होती, कारण किती घ्यायचं हेच आपण मूडवर ठरवतो. एखादी वस्तू दिवसाला सरासरी किती हलते ते वीस दिवसांच्या भावांवरून काढायचं, आणि तेवढी हालचाल झाली तर भांडवलाच्या एक टक्क्याइतकाच फरक पडेल इतकीच पहिली खरेदी करायची. खातं दहा लाख डॉलरचं असेल आणि एक करार दिवसाला हजार डॉलरने हलत असेल, तर दहा करार. भाव त्या हालचालीच्या दुप्पट उलटा गेला की तोटा कापायचा, म्हणजे दोन टक्के. भाव आपल्या बाजूने गेला तरच आणखी घ्यायचं आणि तेही ठराविक टप्प्यांवर, ठराविक मर्यादेत. पडत्या भावात ‘ॲव्हरेज’ करण्याला इथे जागाच नव्हती.

काही वर्षांत या लोकांनी मिळून दहा कोटी डॉलरहून अधिक नफा कमावला. डेनिसने वाद जिंकला. पण कर्टिस फेथ या त्यांच्यातल्याच एकाने पुढे लिहिलं आहे की सगळ्यांना तेच नियम, तेच शिक्षण, तेच बाजार मिळूनही सगळ्यांचे निकाल सारखे आले नाहीत. अशा पद्धतीत बहुतेक सौदे तोट्यातच जातात, मोजके मोठे सौदे सगळं भरून काढतात. सहा-सात तोटे सलग झाले की आठवा सौदा घेताना हात अडखळतो आणि नेमका तोच मोठा निघतो. काहींनी तो घेतला, काहींनी नाही. आपले नियम वर्तमानपत्रात छापले तरी लोक ते पाळणार नाहीत, असं डेनिसचं मत होतं. आज ते नियम खरोखरच छापलेले आहेत, कुणालाही वाचता येतात. आणि डेनिस स्वतः? १९८७-८८ मध्ये तो सांभाळत असलेल्या फंडांना जबर फटका बसला आणि त्याने लोकांचे पैसे सांभाळणं थांबवलं.

तोटा धरून ठेवण्याच्या या दुखण्याला विद्यापीठांनी नाव दिलं ते याच सुमारास. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखवलं होतं की तोट्याचं दुःख तेवढ्याच नफ्याच्या सुखापेक्षा जास्त लागतं. शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ साली ते शेअरबाजाराला लावून पाहिलं. टेरन्स ओडीन यांनी १९९८ साली एका दलाली कंपनीतली दहा हजार खाती तपासली. लोक नफ्यातले शेअर विकत होते, तोट्यातले ठेवत होते, आणि विकलेले शेअर पुढच्या वर्षात ठेवलेल्यांपेक्षा चांगले चालले. रिकार्डोला हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कळलं होतं, पण आता त्याला पुरावा मिळाला.

इथवर प्रश्न एकेका माणसाचा होता. १९८७ साली तो सगळ्यांचा मिळून झाला. बर्कलीचे प्राध्यापक हेन लेलँड यांना १९७६ साली एक कल्पना सुचली होती. ७३-७४ च्या मंदीत घाबरून पेन्शन फंड बाजारातून बाहेर पडले आणि पुढची तेजी त्यांना मिळाली नाही. त्यांना विमा देता आला असता तर? मार्क रुबिनस्टाईन यांच्या मदतीने त्यांनी सूत्र बसवलं: बाजार पडेल तसा ठराविक प्रमाणात निर्देशांकाचा वायदा विकत जायचं, चढेल तसा परत घ्यायचा. घाबरणं नाही, अंदाज नाही, सगळं गणिताने. १९८७ पर्यंत अब्जावधी डॉलर या सूत्रावर चालत होते. १९ ऑक्टोबरला बाजार पडला, सूत्रांनी विकलं, विकल्यामुळे आणखी पडला, सूत्रांनी आणखी विकलं. डाऊचा निर्देशांक एका दिवसात ५०८ अंशांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी कोसळला. इतकी मोठी एका दिवसाची घसरण त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही झालेली नाही. पडझडीला केवळ ही सूत्रंच कारण नव्हती, पण तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या ब्रॅडी आयोगाने त्यांचा हात स्पष्ट दाखवला. एकेकाची भीती काढून टाकणारा नियम सगळ्यांनी एकाच वेळी पाळला, आणि घाबरलेला जमाव जे करतो तेच घडलं. फरक इतकाच की कुणीतरी थांबून विचार करेल, ही शक्यताही उरली नव्हती.

उपाय म्हणून जे आलं ते ओसाकाच्या घराण्यातलं होतं. ठराविक टक्के घसरण झाली की बाजारच बंद ठेवायचा. भारतात सेबीने निर्देशांकावरचे असे सर्किट २००१ च्या जुलैत लागू केले: दहा, पंधरा आणि वीस टक्क्यांवर. २३ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या तोंडावर, सेन्सेक्स दहा टक्के पडल्यावर मुंबईत पंचेचाळीस मिनिटं सौदे थांबले. दिवसअखेर तो ३,९३४ अंशांनी खाली होता. थांबवल्याने पडझड टळली नाही, तशी ती टाळण्यासाठी सर्किट नसतंही. लोकांना श्वास घ्यायला वेळ मिळाला. ओसाकातल्या पाण्याचं कामही तेवढंच होतं.

आपल्या मुंबईत हाताने सौदे करण्याची रिंग १९९५ पर्यंत होती. मग पडदे आले, २००८ पासून यंत्राने थेट ऑर्डर टाकायला परवानगी मिळाली, आणि पुढे चित्र काय झालं ते सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात दिसतं. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. दुसऱ्या बाजूला २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्यापैकी ९७ टक्के आणि संस्थांनी स्वतःच्या खात्यावर केलेल्या नफ्यापैकी ९६ टक्के अल्गोरिदममधून आलेला. हे सगळं श्रेय यंत्राच्या शिस्तीला देणं बरोबर होणार नाही. वेग, भांडवल आणि एक्सचेंजच्या शेजारी ठेवलेले सर्व्हर यांचाही त्यात वाटा आहे. तरीही एक्सपायरीच्या दिवशी मोबाइलवर गेलेले पैसे परत मिळवायला बसलेला सांगलीचा किंवा नाशिकचा तरुण आणि ज्याला ‘परत मिळवणं’ ही गोष्टच ठाऊक नाही असं यंत्र, हा सामना मला अस्वस्थ करतो.

मराठी घरांत रुजलेली शाखा वेगळी आहे: एसआयपी. ठराविक तारखेला म्युच्युअल फंडात ठराविक रक्कम, बाजार वर असो की खाली. एकदा सही केली की बँक कापून घेते. डॉन्चियनच्या नियमासारखा इथे रोज निर्णय नाही, निर्णय एकदाच आहे, म्हणून हा नियम लाखो लोकांकडून पाळला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातलं महिन्याचं एसआयपी संकलन २५,००० कोटींच्या पुढे गेलं. मग बाजार उतरत गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्याने सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद झालेल्यांची संख्या जास्त निघाली. त्यात मुदत संपलेली आणि नोंदी साफ करताना निघालेली खाती होती, हे खरं. पण स्वस्त भावात जास्त युनिट मिळण्याच्या नेमक्या काळात हप्ता थांबवणारेही होते.

आणि आता नियमच विकत मिळतो. कुणीतरी बनवलेली अल्गो महिन्याच्या भाड्याने घ्यायची, खातं जोडायचं, सौदे आपोआप. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेबीने या व्यवहाराला चौकट घातली. नियम उघड असलेल्या अल्गो एका वर्गात. ज्यांचं तर्कशास्त्र वापरणाऱ्याला कळत नाही त्या ‘ब्लॅक बॉक्स’ दुसऱ्या वर्गात, आणि त्या देणाऱ्याने रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी केली पाहिजे. हा भेद योग्य ठिकाणी केलेला आहे. डेनिस आणि एकहार्ट यांनी दोन आठवडे नियमांबरोबर त्यांची कारणंही शिकवली होती. आठव्या सौद्याला ज्यांचा हात अडखळला नाही त्यांच्याजवळ ती कारणं होती. बंद पेटीतला नियम भाड्याने घेणाऱ्याजवळ फक्त विकणाऱ्याने दाखवलेला नफ्याचा आलेख असतो. सलग तोटे सुरू झाले की तो पेटी बंद करतो आणि दुसरी घेतो, तिचाही आलेख तसाच चढता असतो. म्हणून नोंदणीबरोबर आणखी एक अट हवी असं मला ठामपणे वाटतं: पैसे घेण्याआधी त्या नियमाचा सर्वांत वाईट काळ ग्राहकाला त्याच्या भाषेत लिहून द्यावा. सलग किती सौदे तोट्यात गेले, भांडवल वरून किती टक्के घसरलं, भरून यायला किती महिने लागले. ज्याला हे तीन आकडे वाचून झोप येणार नाही, त्याने ती पेटी घेऊ नये, आणि हे त्याला पहिल्या तोट्याच्या आधी कळायला हवं.